भारीतली गोळी

औषधाची चिठ्ठी लिहून होते, मी ती पुढे करतो, आणि समोरची वयस्क व्यक्ती किंचित पुढे झुकून, आवाज उतरवून म्हणते, "डॉक्टरसाहेब, थोडी भारीतली लिहून द्या जी." भंडाऱ्यात व्यवसाय करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. आपला रक्तदाब किती आला किंवा साखर किती वाढली, हे तितक्या आग्रहाने विचारले जात नाही. गोळी मात्र 'भारीतली' हवी असते. 'भारी' म्हणजे महाग, चकचकीत वेष्टनातली, नाव ओळखीचे असलेली आणि शक्य तर नागपूरच्या मोठ्या डॉक्टरने लिहिलेली. तिच्या उलट ती 'साधी'. साधी गोळी घेणे म्हणजे स्वतः साधे ठरणे, असा काहीसा हिशेब मनात असतो.

खरेदीचा आणि कंपन्यांच्या नावांचा माणसाच्या स्वतःविषयीच्या भावनेवर काय परिणाम होतो, ही चर्चा एरवी तरुणांच्या संदर्भात होते. मोबाइल, बूट, मोटारसायकल, कपडे यांच्या नादाने मुले बिघडली, असे आपण ज्येष्ठ मंडळी पारावर बसून म्हणतो. पण त्याच पारावर "माझी गोळी नागपूरची आहे, तुझी कुठची?" हा संवादही चालतो. प्लॅस्टिकच्या आवरणातली 'नागपूरची फाईल' काखेत घेऊन लग्नघरी बसलेले गृहस्थ मी पाहिले आहेत. त्या फाईलला जो मान मिळतो, तो सरकारी दवाखान्याच्या केसपेपरला मिळत नाही, मग आतल्या दोन्ही चिठ्ठ्यांवर औषध एकच असले तरी. म्हातारपणी माणसाची खरेदी कमी होते, बाजारात जाणे कमी होते. महिन्याकाठी नियमाने होणारी खरेदी उरते ती औषधांची. मग प्रतिष्ठेचा प्रश्न तिथेच येऊन बसतो.

आधी गोळीचे वास्तव पाहू. गोळीत काम करतो तो तिच्यातला औषधी घटक. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन, ही त्या घटकांची नावे. यांच्यावरचे मूळ एकाधिकार संपून बराच काळ झाला. त्यामुळे आपल्याकडे 'भारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या या गोळ्याही खरे तर जेनेरिकच आहेत. फरक इतकाच की एका कंपनीने तिला स्वतःचे नाव दिले, ते नाव डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला माणसे नेमली आणि तो खर्च किमतीत आला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २००८ मध्ये जनऔषधी योजना सुरू केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे दहा हजारावे केंद्र देवघर येथे उघडले. या केंद्रांत औषधे बाजारातल्या नामांकित औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त मिळतात, असे शासन सांगते. घरी महिन्याचे औषधाचे बिल चार आकडी होत असेल, तर हा फरक किरकोळ नव्हे.

गुणवत्तेविषयीची शंका अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला प्रमाणित दर्जाची न आढळलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते आणि त्या यादीत साधी औषधेही असतात. पण तिथे मोठी, जाहिरातीतली नावेही येतात. किंमत जास्त म्हणजे दर्जाची हमी, हे समीकरण त्या यादीत टिकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांनी घटकांच्या नावानेच औषधे लिहावीत, असा नियम काढला आणि डॉक्टरांच्या विरोधामुळे त्याच महिन्यात तो स्थगित केला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की नाव लिहिले नाही तर कोणती गोळी द्यायची हे दुकानदार ठरवील. यात तथ्य आहे. तरीही माझे मत असे की वर्षानुवर्षे घ्यायच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी खात्रीच्या केंद्रातले स्वस्त औषध घेण्यात काही उणे नाही. माझ्या अनेक रुग्णांची साखर आणि रक्तदाब त्यावर व्यवस्थित आहे.

मग प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटत नाही, कारण नावाचा आणि किमतीचा परिणाम शरीरावर खरोखर होतो. १९८१ मध्ये ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डोकेदुखीसाठी नियमित गोळ्या घेणाऱ्या ८३५ स्त्रियांचे चार गट केले. एका गटाला प्रसिद्ध नावाची ॲस्पिरिन, दुसऱ्याला तीच ॲस्पिरिन साध्या वेष्टनात, तिसऱ्याला प्रसिद्ध नावाच्या वेष्टनात औषध नसलेली गोळी आणि चौथ्याला साध्या वेष्टनात औषध नसलेली गोळी. ॲस्पिरिनने डोके जास्त उतरले, हे अपेक्षितच होते. पण नाव असलेल्या गोळ्यांनी बिननावाच्या गोळ्यांपेक्षा जास्त आराम दिला. औषध नसलेल्या गोळीतही नावाने आपला वाटा उचलला. पुढे २००८ मध्ये अमेरिकेत ८२ निरोगी व्यक्तींना सौम्य विजेचा झटका देऊन वेदना मोजल्या गेल्या. सगळ्यांना दिलेल्या गोळीत औषध नव्हतेच. अर्ध्यांना सांगितले की तिची किंमत अडीच डॉलर आहे, उरलेल्यांना सांगितले की किंमत उतरवून दहा सेंट केली आहे. महाग गोळी घेतलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक जणांच्या वेदना कमी झाल्या, स्वस्त गोळी घेतलेल्यांपैकी ६१ टक्क्यांच्या.

तेव्हा "भारीतल्या गोळीनेच बरे वाटते" असे आजी म्हणतात, त्यात खोटे काही नाही. दुखणे, झोप, अन्नाची चव, अंगातली कणकण यांवर मनाचा अंमल चालतो. मात्र रक्तातली साखर गोळीची किंमत वाचत नाही, आणि सांधेदुखीला लागू पडणारा हा नियम मधुमेहाला लावता येत नाही.

आता इथल्या घरांकडे येतो. लाखनीकडच्या एका आजींच्या सुनेने त्यांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे जनऔषधी केंद्रातून आणायला सुरुवात केली. सून शिकलेली, हिशेबी आणि सासूची मनापासून काळजी घेणारी. तिने घटकांची नावे जुळवून पाहिली, मला फोनवर विचारले आणि मगच बदल केला. दोन महिन्यांनी आजी माझ्याकडे आल्या त्या चेहरा पाडून. साखर उत्तम होती. तरी त्या म्हणाल्या, "मले काहून स्वस्ताची गोळी देऊन राहिले जी? आमच्या म्हाताऱ्याले तर शेवटपर्यंत भारीतली होती." त्यांच्या तक्रारीत गोळीचा गुण कुठेच नव्हता. पतीला मिळालेल्या आणि स्वतःला मिळालेल्या पुड्यांतला फरक त्यांनी मोजला होता, आणि त्या फरकात आपली घरातली किंमत वाचली होती.

अशा वेळी घरची माणसे गोळीविषयीच उत्तर देतात. "आई, घटक तोच आहे, मी वाचून पाहिले आहे." हे खरे असते आणि निरुपयोगी असते, कारण विचारलेला प्रश्न तो नसतो. आजींचा प्रश्न असा होता की आता माझ्यावर खर्च करण्याजोगे काही राहिले आहे का. त्याला उत्तर वेगळे द्यावे लागते. त्या सुनेने पुढच्या महिन्यात आजींनाच केंद्रावर नेले. तिथल्या मुलीकडून दोन्ही गोळ्यांच्या किमती आजींनी स्वतः ऐकल्या आणि वाचलेल्या पैशांतून काय घ्यायचे तेही स्वतः ठरवले. त्यांनी डोळ्यांचा तपास करून नवा चष्मा घेतला. त्यानंतर साध्या गोळीविषयी चकार शब्द नाही. निर्णय दुसऱ्याने केला की काटकसर अंगावर येते. तोच निर्णय स्वतः केला तर शहाणपण वाटते. चाळीस वर्षे घरचा बाजार केलेल्या बाईला हे वेगळे सांगावे लागत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच नेहमी दिसते, आणि ती मला अधिक काळजीची वाटते. कित्येक आजोबा भारीतली गोळी मागत नाहीतच. "दहा दिवसांची नको, चारच द्या," असे दुकानात सांगतात. दोन वेळची गोळी एक वेळ घेतात, एकाचे दोन तुकडे करतात, बरे वाटले की सोडतात. नातवाच्या शिकवणीचे शुल्क भरायचे आहे, धानाला यंदा भाव नाही, मग "माझ्यासारख्या पिकल्या पानाला कशाला महागाचे?" बाहेरून हा त्याग दिसतो आणि घरची मंडळी त्याचे कौतुकही करतात. पण भारीतल्या गोळीचा हट्ट आणि ही काटकसर एकाच मुळातून आलेल्या असतात. एकाला आपली किंमत सिद्ध करून हवी असते, दुसऱ्याने आपली किंमत आधीच कमी लावून टाकलेली असते. कौतुक न करता अशा आजोबांच्या औषधाच्या डब्यातल्या गोळ्या मोजाव्यात. महिनाअखेरीस पट्टीत जास्त गोळ्या उरत असतील, तर ती बचत नाही, पुढच्या झटक्याची तयारी आहे.

भंडारा हे पितळेचे गाव म्हणून ओळखले जाते. पितळेच्या थाळीला 'भाण' म्हणत, त्यावरून गावाचे नाव आले, असेही सांगितले जाते. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अजून एखादा पितळी गुंड किंवा डबा असेल. तो उलटा करून पाहा. त्याच्या काठावर किंवा बुडाशी नाव कोरलेले सापडेल, आजीचे, पणजीचे, लग्नाची तारीख, कधी देणाऱ्या मामाचे नाव. भांडे कोणत्या कारखान्यातले आहे, हे मात्र त्यावर क्वचितच असते. वस्तूवर वापरणाऱ्याचे नाव असायचे. आज वापरणाऱ्याच्या अंगावर बनवणाऱ्याचे नाव असते, सदऱ्याच्या खिशावर, टोपीवर, बुटावर. हे मी जुन्याचे गोडवे गाण्यासाठी लिहीत नाही. त्या काळीही कुणाच्या घरी किती पितळ आहे यावरून तोलामोलाच्या गोष्टी होत आणि लग्नात भांडी कमी आली म्हणून सुनांनी ऐकून घेतले आहे. पण ज्या पिढीने वस्तूंवर आपले नाव पाहिले, तिला आज सगळ्या वस्तूंवर अनोळखी नावे दिसतात, आणि त्यातली कोणती मानाची आणि कोणती कमीपणाची, हेही नातवंडांकडून शिकावे लागते. त्यातून येणारे अवघडलेपण तरुणांनी समजून घ्यायला हवे.

या अवघडलेपणाचा सर्वांत महाग भाग मला पायांपाशी दिसतो. मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा झाला की अनेकांच्या तळपायांची संवेदना कमी होते. खडा टोचला, चटका बसला, बूट घासला तरी कळत नाही. अशा रुग्णाला मऊ तळाची, रुंद, मागे पट्टा असलेली पादत्राणे लागतात. सूक्ष्म छिद्रे असलेल्या रबराची, म्हणजे ज्याला आपण एमसीआर म्हणतो त्या तळाची चप्पल यासाठी उत्तम आणि तुलनेने स्वस्त. पण ती घालायला माणसे तयार होत नाहीत. कारण आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ही चप्पल ठाऊक आहे ती कुष्ठरुग्णांना सरकारी दवाखान्यातून मिळणारी म्हणून. तिच्यावर कंपनीचे नाव नसले तरी समाजाने लावलेला शिक्का आहे. "ती चप्पल घालून देवळात कसा जाऊ?" असे मला विचारले गेले आहे. विचारणारे गृहस्थ तुमसरकडच्या खाणीत आयुष्यभर कष्ट केलेले, कुणापुढे वाकलेले नव्हते.

त्यांच्या पायात काय होते, तर पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाने वापरून दिलेले खेळाचे बूट. नामांकित कंपनीचे, आठ-नऊ हजारांचे. आजोबांना त्यांचा अभिमान होता आणि तो साहजिक होता. नातवाने दिलेली, किमती, सगळ्यांना दिसणारी वस्तू. पण नातवाचे माप एका अंकाने लहान. करंगळीच्या बाजूला बूट घासत होता, आजोबांना जाणवत नव्हते. मोज्याला डाग दिसला तेव्हा जखम हाडाजवळ पोहोचलेली होती. पाय वाचला, करंगळी वाचली नाही.

त्यानंतर त्यांच्यासाठी पादत्राणे करून घेताना आम्ही एक साधी गोष्ट केली. स्थानिक चर्मकाराकडून एमसीआरचाच तळ, पण वरचा भाग काळ्या चामड्याचा, नेहमीच्या सँडलसारखा दिसणारा. खर्च थोडा जास्त आला. आजोबा ती सँडल घालून देवळात जातात. उपचार कितीही योग्य असला तरी माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावत असेल तर तो पाळला जात नाही. हे पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवे होते. काठी, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा, रात्रीचे डायपर या सगळ्यांना हेच लागू आहे. चष्म्याला कुणी लाजत नाही, कारण तरुणही तो घालतात आणि त्याच्या चौकटी निवडता येतात. श्रवणयंत्र मात्र कपाटात पडून राहते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना अशी साधने घेण्यासाठी एकदाच ३००० रुपये थेट खात्यात देण्याची त्यात तरतूद आहे. रक्कम मोठी नाही. पण पैसे ज्येष्ठाच्या खात्यात येतात, म्हणून निवड त्याची असू शकते. ज्या घरात हे पैसे मिळतील, तिथे काठी मुलाने परस्पर आणू नये. दुकानात चार काठ्या हातात धरून पाहिल्या की त्यातली एक आपली वाटते.

आता ज्याविषयी थोडे रागाने लिहिणार आहे, त्याकडे वळतो. गावोगावी सभागृहात, मंगल कार्यालयात, कधी शाळेच्या वर्गात 'मोफत तपासणी शिबिर' लागते. हातात एक नळी धरायला देतात, संगणकावर रंगीत आलेख येतो, आणि दोन मिनिटांत हाडे, किडनी, लिव्हर, मेंदू सगळ्यांचा 'रिपोर्ट' तयार. मग त्यावरचा उपाय म्हणून एक डबा: कधी पावडर, कधी रस, कधी कॅप्सूल. किंमत हजारांत. मधुमेह मुळापासून जाईल, गुडघे बदलावे लागणार नाहीत, अशी वचने. मधुमेहासह अनेक आजार बरे करण्याच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. तरी हे चालते.

मुले चिडतात, "बाबा, इतके शिकलेले असून फसलात कसे?" मी अशा अनेकांशी सावकाश बोललो आहे, आणि माझे निरीक्षण असे की बहुतेक जण रसाच्या गुणावर पूर्ण विश्वास ठेवून डबा घेत नाहीत. तिथला टाय लावलेला तरुण त्यांना खुर्ची देतो. 'बाबूजी' म्हणतो. कुठे नोकरी केली, किती मुले, गुडघा कधीपासून दुखतो, रात्री झोप का लागत नाही, हे अर्धा तास ऐकतो. माझ्या दवाखान्यात गर्दीच्या दिवशी त्यांना पाच मिनिटे मिळतात, घरी जेवताना टीव्ही चालू असतो. डबा हे त्या अर्ध्या तासाचे मोल असते. शिवाय घरात एखादी महाग वस्तू स्वतःच्या पेन्शनमधून स्वतःसाठी घेतली, हा आनंदही त्यात असतो. "फसलात" म्हटले की तो आनंद आणि तो मान दोन्ही हिरावले जातात, आणि माणूस पुढचा डबा लपवून आणतो. लपवलेला डबा जास्त धोक्याचा. त्यात काय आहे हे डॉक्टरला कळत नाही. काही चूर्णांत आणि 'गुडघ्याच्या' पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. तोंड सुजणे, साखर अचानक वाढणे, कातडी पातळ होऊन निळे डाग पडणे ही त्याची लक्षणे. बराच काळ घेतलेली अशी पुडी एकदम बंद करणेही घातक ठरू शकते. म्हणून डबा सापडला तर भांडू नका, फेकूही नका. तो घेऊन डॉक्टरकडे या.

याच्याशी नाते सांगणारी, पण निरुपद्रवी वाटणारी वस्तू म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची माल्टयुक्त पेयाची बरणी. पूर्वी आपण केळी, मोसंबी नेत असू. बरणी नेल्याने नेणाऱ्याचाही मान राहतो आणि आजाऱ्याच्या उशाशी ती मांडून ठेवता येते. यातल्या बऱ्याच पेयांत साखर भरपूर असते. अन्न सुरक्षा कायद्यात 'आरोग्य पेय' अशी व्याख्याच नाही, म्हणून ही पेये त्या नावाखाली विकू नयेत, असे एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितले. मधुमेही आजोबांना अशक्तपणासाठी दोन वेळ हे पेय देणारी घरे मला दर महिन्याला भेटतात. म्हातारपणी प्रथिने खरोखरच कमी पडतात, पण त्यासाठी अंडे, दूध, दही, डाळ, भाजलेल्या फुटाण्यांचे पीठ आणि आपल्या तलावांतली ताजी मासळी पुष्कळ झाली. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरला विचारावे. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात प्रथिनांसाठी डबा मागवावा लागणे मला जरा चमत्कारिक वाटते.

औषधांच्या नावांबाबत काळजीवाहकांना काही गोष्टी मात्र नेमक्या ठाऊक असायला हव्यात. पहिली, आणि सर्वांत धोक्याची, म्हणजे एकच औषध दोन नावांनी घरात येणे. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन एका नावाने लिहिले. गावातल्या डॉक्टरांनी तेच दुसऱ्या नावाने लिहिले. डब्यात दोन रंगांच्या पट्ट्या दिसतात, आजोबा दोन्ही घेतात आणि पहाटे उठताना चक्कर येऊन पडतात. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी अशी दुप्पट झाली तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध होऊ शकतो. वृद्धांत घाम, थरथर ही लक्षणे नेहमी दिसतीलच असे नाही. अचानक असंबद्ध बोलणे हे एकच लक्षण असू शकते आणि घरचे त्याला 'वय झाले' म्हणतात. त्यासाठी पट्टीवरचे कंपनीचे नाव न पाहता घटकाचे नाव वाचावे. एकच घटक असलेल्या गोळ्यांवर ते कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे, असा नियम २०१८ पासून आहे. घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाला हे काम द्या. त्याला वाचायला आवडते आणि आजोबांना त्याने जवळ बसलेले आवडते.

दुसरी गोष्ट रंगाची. हृदयविकाराच्या झटक्यानंतर घ्यायच्या औषधांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की गोळीचा रंग बदलला तर ती सोडून देण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढते आणि आकार बदलला तर ६६ टक्क्यांनी. वयस्क माणूस गोळी ओळखतो ती 'गुलाबी, सकाळची' म्हणून. तेव्हा कंपनी बदलायची असेल तर आधी सांगा, जुनी आणि नवी गोळी शेजारी ठेवून दाखवा, जुनी पट्टी डब्यातून काढून टाका. आणि एकदा बदलली की दर महिन्याला वेगवेगळी आणू नका.

काही औषधांत तर हा बदल डॉक्टरला विचारल्याशिवाय करूच नये. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, फिट्सची फेनिटॉइन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, हृदयासाठीची डिगॉक्सिन. यांची मात्रा फार मोजून द्यावी लागते आणि थोडा फरकही जाणवतो. बदलावीच लागली तर त्यानंतर रक्ततपासणी करून मात्रा नीट बसली आहे की नाही हे पाहावे लागते. इथे 'भारीतली' आणि 'साधी' हा वाद नसतो. जी चालू आहे तीच चालू ठेवणे महत्त्वाचे असते.

बाहेरगावी असलेल्या मुलांनाही एक विनंती. आई-वडिलांची सगळी औषधे आणि वस्तू फोनवरून मागवून पार्सलने घरी पोहोचवणे ही मोठी सोय आहे, आणि ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी ती गरजच आहे. पण ज्यांचे पाय चालतात त्यांचा बाजार बंद करू नका. औषधाच्या दुकानात जाणे, "माझे आले का?" विचारणे, सुटे पैसे मोजून देणे, येताना बाजारातून शिंगाडे किंवा पालक घेणे, यात चालणेही होते आणि चार माणसांशी बोलणेही. मागवायचेच असेल तर महागातले मागवून "बघा, तुमच्यासाठी चांगले पाठवले" असे सांगण्यापेक्षा आधी "कोणते पाठवू?" असे विचारा. उत्तर बहुधा "काही नको" असे येते. ते उत्तर पहिले असते, शेवटचे नसते.

पुढच्या तपासणीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, डबे, मलमे आणि उघडलेल्या-न उघडलेल्या बरण्या एका पिशवीत घालून आणाव्यात. चिठ्ठी नसली तरी चालेल. पट्टी कापताना घटकाचे नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राहील अशा बाजूने कापावी. पिशवी ज्यांची औषधे आहेत त्यांच्याच हातात द्यावी, आणि कोणती गोळी कशासाठी घेतात हे आधी त्यांनाच सांगू द्यावे.